गल्लीचा रस्ता ‘रोड टॅक्स’मधून होत नाही

“गाडीचा रोड टॅक्स भरलाय, मग गल्लीत चिखल का?” लातूर, नांदेड, परभणीत हा सवाल वर्षानुवर्षे ऐकू येतो. चीड रास्त आहे, हिशोब मात्र चुकीचा. हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने आरटीओ घेतं आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो, महापालिकेच्या नाही.

गल्लीसाठी पालिकेचा हक्काचा पैसा म्हणजे मालमत्ता कर. जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे पालिकेचे जुने कर गेले. २०१७ पासून राज्य त्यांच्या बदल्यात जीएसटीची भरपाई देतं, पण तिच्यातून पगारही भागवावे लागतात. अनुदानाची वाट पाहत बसण्यापेक्षा मालमत्ता कराची थकबाकी वसूल व्हावी, सुरुवात बड्या थकबाकीदारांपासून. आणि ‘नगरसेवकाने करून दिलेला’ रस्ता? वॉर्डाचा निधीही पालिकेच्याच अंदाजपत्रकातला, म्हणजे तुमचाच पैसा.