ॲलर्जी आणि कर्करोगाचा धोका

ॲलर्जी असलेल्या माणसाला कर्करोग कमी होतो की जास्त, हा वैद्यकातला जुना वाद आहे. मेंदूच्या एका कर्करोगात ॲलर्जी राखणदार वाटते, फुप्फुसाच्या कर्करोगात दमा उलट बाजूला उभा दिसतो आणि स्तन किंवा पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगात ठाम असे काहीच हाती लागत नाही. त्यामुळे कोणती ॲलर्जी आणि कोणत्या अवयवाचा कर्करोग, हे आधी विचारावे लागते.

मराठीत वावडे, शास्त्रीय परिभाषेत अधिहर्षता. ‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला. नागपुरात मात्र तो फार सैल वापरला जातो. मे महिन्यातल्या धुळीने आलेल्या शिंका, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेने होणारी घशाची खवखव, अंगावर उठलेल्या गांधी, रिकाम्या प्लॉटवर माजलेल्या गाजरगवताने सुटलेली खाज, सगळ्याला ॲलर्जीच म्हणतात. राखेने बहुधा नुसता दाह होतो. गाजरगवताचा त्वचारोग मुख्यतः टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होतो. गवताच्या परागांनी येणारी सर्दी, ॲलर्जिक दमा आणि अंड्या-शेंगदाण्याचे वावडे यांमागे आयजीई हे प्रतिपिंड, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेले प्रथिन असते. त्याचा शोध १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे लावला. कर्करोगाशी संबंध शोधणारी बहुतेक संशोधने या आयजीईवाल्या ॲलर्जीविषयी आहेत. बाकीच्यांना ती लावता येत नाहीत.

सर्वांत ठळक पुरावा ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाचा आहे. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ॲलर्जी असलेल्यांमध्ये ग्लायोमाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. स्वादुपिंडाच्या कर्करोगातही नाकाच्या ॲलर्जीबाबत असाच, पण सौम्य कल दिसतो. इथे एक मोठी शंका येते. ग्लायोमा स्वतःच प्रतिकारशक्ती दडपतो. मग ॲलर्जीने गाठ रोखली, की गाठीने ॲलर्जी मंदावली? शिवाय रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर ‘लहानपणी शिंका यायच्या का’ याचे उत्तर नातेवाईक देतात. नॉर्वेत साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या वीस वर्षे आधीच्या रक्तातही हा संबंध दिसला आणि शंकेची धार थोडी बोथट झाली. मात्र जनुकीय माहितीच्या आधारे केलेल्या नंतरच्या तपासण्यांतून कार्यकारणभावाला ठाम दुजोरा मिळालेला नाही.

उलट दिशेचे पुरावेही आहेत. दम्याच्या रुग्णांत फुप्फुसाचा कर्करोग काहीसा जास्त आढळतो, पण त्यातला धूम्रपानाचा वाटा पूर्णपणे वेगळा काढणे अवघड असते. तीव्र इसबाच्या रुग्णांत लसिका-कर्करोगाचे (लिम्फोमाचे) प्रमाण किंचित वाढलेले दिसते. इथेही गोम आहे: त्वचेचा लसिका-कर्करोग सुरुवातीला हुबेहूब इसबासारखा दिसतो आणि काही वर्षे इसब म्हणूनच त्याच्यावर उपचार होत राहतात.

कारणे सांगणाऱ्या कल्पना मुख्यतः तीन. सदैव जागी असलेली प्रतिकारशक्ती बिघडलेल्या पेशी लवकर टिपते, ही पहिली. तिचे मूळ पाउल एर्लिख यांच्या १९०९च्या मांडणीत आहे. दीर्घकाळच्या दाहातून कर्करोग उद्भवतो, ही रुडॉल्फ फिरखो यांची १८६३ची कल्पना नेमकी तिच्या विरोधात जाते. तिसरी मार्गी प्रोफेट यांनी १९९१ साली मांडली: शिंक, खोकला, खाज आणि उलटी ही विषारी द्रव्ये बाहेर फेकण्याची शरीराची युक्ती आहे. कल्पना देखणी आहे. पण शिंकेने नाक धुऊन निघेल, मेंदू कसा धुतला जाणार? पुरावा सर्वांत बळकट तिथेच ती अडखळते.

आयजीईला बांधून निष्प्रभ करणारे ओमालिझुमॅब हे औषध २००३ साली अमेरिकेत दम्यासाठी मंजूर झाले. सुरुवातीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ०.५ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ०.२ टक्के लोकांत कर्करोग आढळल्याने खळबळ उडाली. पुढच्या पाच वर्षांच्या पाहणीत दोन्ही गटांतले प्रमाण सारखेच निघाले. दुसरीकडे बीजांडकोशाच्या कर्करोगावर आयजीई प्रतिपिंडच औषध म्हणून वापरून पाहिल्याच्या पहिल्या मानवी चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

नागपूर आणि विदर्भात या विषयाला खर्ऱ्याचे शेपूट जोडलेले आहे. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे मिश्रण. यातला तंबाखू तर कर्करोगकारक आहेच, पण नुसत्या सुपारीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवी कर्करोगकारक ठरवले. दम्यामुळे बिडी सोडून खर्रा धरणाऱ्याच्या बाबतीत ॲलर्जीचा परिणाम मोजायचा तरी कसा? त्याहून वाईट गफलत लक्षणांची होते. सावजी रस्सा खाताना एकाएकी तोंडाची आग होऊ लागली, की ‘तिखटाची ॲलर्जी झाली’ किंवा ‘उष्णता वाढली’ असे म्हटले जाते. खर्रा खाणाऱ्यात ही तोंडातील तंतुमयतेची सुरुवात असू शकते आणि ती कर्करोगपूर्व अवस्था मानली जाते. गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठ होत जाते, जबडा आवळतो. आयजीईच्या रिपोर्टात यातले काहीच दिसत नाही. त्यासाठी उघडलेल्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, हे पाहतात.