उष्णता-ताणाचे मापन (उघड्यावरील)

उन्हात वावरणाऱ्या माणसाच्या शरीरावर पडणारा उष्णतेचा भार मोजण्याची पद्धत. नुसते हवेचे तापमान त्यासाठी पुरत नाही. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो; रस्त्यावर खडी पसरणारा मजूर भर उन्हात असतो. त्याला किती सोसावे लागते, हे तापमानाबरोबर दमटपणा, वारा, वरचे ऊन आणि पायाखालच्या तापलेल्या डांबराची धग यांवर ठरते. अंगावरचे कपडे आणि कामाचे कष्ट वेगळेच.

कामाच्या जागी सर्वाधिक वापरात असलेला निर्देशांक म्हणजे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर). अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या तळावर मरीन दलाचे नवे जवान कवायतीत उष्माघाताने कोसळत. ते थांबावे म्हणून याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी तो १९५० च्या दशकात बसवला. तिपाईवर तीन तापमापक असतात. एक कोरडा, सावली दिलेला. दुसऱ्याच्या फुग्यावर ऊर्ध्वपातित पाण्याने भिजलेली सुती वात, ऊन-वाऱ्याला उघडी. ही घामेजलेल्या कातडीची जागा घेते. वात मळली किंवा वाळत आली, की वाचन चुकते. तिसरा तापमापक १५ सेंमी व्यासाच्या, बाहेरून काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात असतो. गोळा ऊन पीत हळूहळू तापतो, म्हणून वाचनाआधी वीसेक मिनिटे थांबावे लागते.

ओल्या फुग्याचे ०.७, गोळ्याचे ०.२ आणि कोरड्याचे ०.१ पट तापमान मिळवले की निर्देशांक निघतो. उदाहरणादाखल, मे महिन्यात नागपूरला कोरडा ४४, ओला २४ आणि गोळा ५५ अंश सेल्सियस धरला तर उत्तर ३२.२ येते. मुंबईत कोरडा ३४, ओला २८, गोळा ४६ धरला, तरी ३२.२च! दहा अंशांचा फरक दमट हवेने गिळून टाकला. घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. किनारपट्टीच्या उकाड्याला ‘फक्त चौतीस’ म्हणून झटकणे म्हणूनच धोक्याचे आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांत किनाऱ्यावर कमाल तापमान किमान ३७ झाल्याखेरीज उष्णतेची लाट धरली जात नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी परिसरात पारा ३८ च्या आसपास होता.

उन्हाला सरावलेल्या माणसासाठी आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकातील डब्ल्यूबीजीटीच्या मर्यादा साधारण अशा: विश्रांतीत ३३, हलक्या कामाला ३०, जड कामाला २६. दमट हवेत वारा पडला, की डब्ल्यूबीजीटी खरा ताण कमी दाखवतो, ही त्याची उणीव. यूटीसीआय (युनिव्हर्सल थर्मल क्लायमेट इंडेक्स) हा नवा निर्देशांक ताशी ४ किमी वेगाने चालणाऱ्या माणसाच्या शरीरातील उष्णतेची देवघेव गणिताने मांडतो. त्यात ९ ते २६ अंश ही ताणरहित पातळी.

मुंबईच्या वरच्या उदाहरणातली तिपाई उचलून झाडाखाली ठेवली आणि गोळा ३६ वर, ओला २७.५ वर आला, तर निर्देशांक ३० च्या खाली उतरतो.