सूचिपर्णी वृक्षांचे रासायनिक संरक्षण

चीड, देवदार, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी वृक्षांच्या पानांत अळ्यांना रोखणारी रसायने असतात. त्यांच्या कामाला रासायनिक संरक्षण म्हणतात. विदर्भाच्या जंगलात हे वृक्ष आपसूक उगवत नाहीत, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत राज्य सागाचे. तरी खेड्यातल्या शाळेपुढचे मोरपंखीचे झाड, ज्याची पाने पोरे ‘विद्या’ म्हणून पुस्तकात ठेवतात, ते सूचिपर्णींच्याच गोतातले. त्याची डहाळी बोटांत चुरडली की उग्र वास येतो. तो टर्पीन वर्गातील रसायनांचा. टर्पेंटाइनचा वासही त्याच वर्गातला.

चिडाच्या सुईसारख्या पानात लांबीभर राळेच्या नलिका असतात. अळीने पान कुरतडले की नलिका फुटते आणि राळ तिच्या तोंडाला चिकटते. टर्पीन उडून जातात, जड राळाम्ले, म्हणजे राळेतील आम्ले, मागे राहतात. जोडीला टॅनिन असते. हिरडा चावल्यावर जीभ आखडते, तो तुरटपणा टॅनिनचाच.

या रसायनांना सरसकट ‘विष’ म्हटल्याने मोठा गैरसमज होतो. पान खाऊन अळी तडकाफडकी मरते असे क्वचितच घडते. बहुधा ती कमी खाते, सावकाश वाढते, आणि तितके जास्त दिवस पक्ष्यांच्या व परजीवी गांधीलमाश्यांच्या तावडीत राहते. कोष लहान होतो, त्यातून निघालेली मादी अंडी कमी घालते. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिनचे कामही असेच आहे: अळीची भूक मारणे आणि कात टाकण्यात अडथळा आणणे. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवतात, गाळून 100 लिटर द्रावण करतात व त्यात 200 ग्रॅम साबण मिसळतात. तो फवारून दुसऱ्या दिवशी वावरात मेलेल्या अळ्या शोधणारा कास्तकार निराश होतो. खरे तर पाहायचे असते ते पानावरचे नवे खाणे थांबले का. पऱ्हाटीच्या पानावर व देठावर बारीक काळे ठिपके दिसतात, त्या ग्रंथींत गॉसिपॉल हे किडींना रोखणारे रसायन असते. ग्रंथी नसलेल्या कापसाच्या जाती काढल्या, तेव्हा त्यांच्यावर किडी जास्त तुटून पडल्या.

कोवळे पान खावे की जुने, हा अळीपुढचा खरा पेच. उत्तर अमेरिकेतील स्प्रूस बडवर्म ही अळी फर व स्प्रूसच्या कोवळ्या, नत्रयुक्त सुयांवर वाढते. कळ्या फुटण्याची वेळ चुकली तर तिची उपासमार होते. उलट जॅक पाइन या तिथल्या चिडावरील काही सॉफ्लाय, म्हणजे करवत माशीच्या अळ्या, कोवळ्या सुयांतील राळाम्ले टाळून गेल्या वर्षीच्या सुया खातात. अशीच वाटणी आपल्या सागावर दिसते. पावसाच्या सुरुवातीला हिब्लिया प्युएरा ही अळी कोवळी पाने फस्त करते. पुढे युटेक्टोना मॅकेरॅलिस जून पानांचा हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी ठेवते. ऐन हिरव्या दिवसांत सागवन तांबूस का दिसते, ते असे एक पान उन्हात धरले की कळते: शिरा तेवढ्या शाबूत, मधून आरपार आभाळ.

काही कीटकांनी झाडाचेच शस्त्र उचलले आहे. निओडिप्रिऑन सर्टिफर या पाइन सॉफ्लायची अळी गिळलेली राळ पचवत नाही. घशाजवळच्या दोन पिशव्यांत साठवते. मुंगी किंवा कोळी अंगावर आला की तोच थेंब तोंडातून काढून त्याला माखते.

सर्वांत विलक्षण उदाहरण बाल्सम फरचे. कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा यांनी प्रागहून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात नेलेले पिरोकोरिस जातीचे ढेकूण (खाटेतले नव्हे, बिया शोषणारे) तिथे प्रौढच होईनात. जास्तीची कात टाकून पिल्लेच राहत आणि मरत. स्लामा व हार्वर्डचे कॅरोल विल्यम्स यांनी 1965 मध्ये कारण मांडले: पिंजऱ्यात अंथरलेला अमेरिकी कागद. त्याच्या लगद्यातील फरमध्ये कीटकांच्या बाल-संप्रेरकासारखे, म्हणजे पिल्लाला प्रौढ होऊ न देणाऱ्या शरीरातील रसायनासारखे, द्रव्य होते. 1966 मध्ये ते वेगळे काढून ओळखले गेले आणि जुवाबायोन या नावाने प्रसिद्ध झाले. ते बाधते ते मुख्यतः पिरोकोरिडी या एकाच कुळाला. बोंडे फुटल्यावर पऱ्हाटीवर घोळक्याने बसणारा, सरकी शोषून कापसाला डाग पाडणारा लाल ढेकण्या याच कुळातला, आणि त्या कागदी द्रव्याने त्याचीही वाढ तशीच अडते.