बॅजसाठी कोणता ईमेल द्यावा? – डिजिटल बॅज देणाऱ्या संस्थांसाठी माहितीपत्रक

आपली संस्था आमच्यामार्फत प्रशिक्षणार्थ्यांना डिजिटल बॅज, म्हणजे शिकलेल्या गोष्टीचे पडताळून पाहता येणारे चित्ररूप प्रमाणपत्र, देते, त्यामुळे बॅजची अधिक ओळख येथे करून देत नाही. 'आमच्या एका प्रशिक्षणार्थ्याने नोकरी बदलली, बॅजवरचा ईमेल तेवढा बदलून द्या,' अशी विनंती आमच्याकडे सतत येते. ती हातासरशी पूर्ण का करता येत नाही, हे लिहूनच ठेवावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आम्ही ओपन बॅज हे मानक वापरतो. मोझिलाने ते २०११ साली मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने पुढे आणले आणि आज ते वनएडटेक ही संस्था सांभाळते. या मानकानुसार बॅज कोणी, केव्हा व कोणत्या निकषांवर दिला, ही माहिती चित्राच्या फाइलमध्येच गुंफलेली असते. (म्हणूनच बॅजचा स्क्रीनशॉट पाठवून उपयोग नाही, त्यात चित्र येते, माहिती येत नाही.) बॅज कोणाचा, हे बहुधा ईमेलवरून ठरते. मात्र तो पत्ता उघडपणे न लिहिता त्याची ६४ अक्षर-अंकांची एक सांकेतिक ओळ तयार केली जाते. पत्त्यातले एक टिंब जरी गळले, तरी ती ओळ संपूर्ण बदलते आणि पडताळणीत तो बॅज त्या व्यक्तीचा ठरत नाही.

त्यामुळे दिलेल्या बॅजवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिता येत नाही. जुना बॅज रद्द करून नवा द्यावा लागतो आणि बॅज देणारी संस्था आपली असल्याने त्यासाठी आम्ही आपली लेखी संमती मागतो. काहींना ही अडवणूक वाटते. परंतु केवळ फोनवर सांगितल्यावरून बॅज एकाचा दुसऱ्याच्या नावे होऊ लागला, तर त्यावर कोणी विसंबणार नाही.

चूक होते ती यादी करताना. नावांपुढे कार्यालयाचे ईमेल भरले जातात, कारण ते हाताशी असतात. याहून त्रासाचे म्हणजे साठ नावांपुढे संस्थेचा एकच पत्ता येतो आणि खाली टीप असते, 'आम्ही वाटून देऊ.' असे झाले की साठही बॅज पडताळणीत संस्थेच्याच पत्त्याशी जुळतात आणि शिकलेल्या माणसाच्या हाती नुसते चित्र उरते. वेल्डिंग शिकलेला कामगार पुढे चार ठिकाणी काम करील, मध्येच पर्यवेक्षणाचा अभ्यासक्रम करील, वयाच्या पन्नाशीत आणखी काही शिकेल; आधीचे शिक्षण त्याला प्रत्येक वेळी दाखवता आले पाहिजे. नोकरीबरोबर बंद होणाऱ्या पत्त्यावर हे कसे व्हावे?

म्हणून प्रत्येकाचा खासगी, नेहमीच्या वापरातला ईमेल त्याच्याकडूनच लिहून घ्यावा. आपली यादी आल्यावर आम्ही दोनदा आलेले आणि कार्यालयीन वाटणारे पत्ते वेगळे काढतो व प्रत्येकाला खात्रीचा ईमेल पाठवतो. उत्तर आल्याशिवाय बॅज निघत नाही. यात काही दिवस जातात, हे आम्हांला मान्य आहे, तरीही हा टप्पा आम्ही वगळत नाही.

यादीचा कोरा तक्ता आणि प्रशिक्षणार्थ्यांना द्यायच्या सूचना मागितल्यास पाठवू. पुढील तुकडीचे निकष ठरवायचे असतील, तर तेही त्याच वेळी कळवावे. 'अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला' एवढ्याऐवजी त्या व्यक्तीने नेमके काय करून दाखवले, हे लिहून देण्याचे कामही आम्ही करतो.