आधी स्पर्श, शेवटी उजेड

अठ्ठावीस आठवड्यांत जन्मलेलं बाळ म्हणजे जेमतेम एक किलोचा जीव. एनआयसीयूत, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘काचपेटीत ठेवलंय’ म्हणतात तिथे, त्याला ऊब मिळते, प्राणवायू मिळतो, नळीतून दूध मिळतं. पण याच दिवसांत त्याचा मेंदूही झपाट्याने घडत असतो. त्याला काय जाणवतं, काय ऐकू येतं, यावर ती घडण अवलंबून असते.

पोटात इंद्रियं एकामागून एक जागी होतात. स्पर्श सगळ्यात आधी, तोही ओठांभोवती. मग चव आणि वास. पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास कान आवाजाला दाद देऊ लागतात. डोळ्यांची पाळी शेवटी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत हा क्रमच उलटा होतो. त्याच्या पापण्या इतक्या पातळ असतात की मिटल्या तरी उजेड आत शिरतो. कानांना आईच्या आवाजाऐवजी अलार्म ऐकू येतो. आणि सर्वांत तयार असलेल्या त्वचेच्या वाट्याला येते टाचेत टोचलेली सुई आणि ओढून काढलेली चिकटपट्टी.

ही बाळं दुखणं जाणतात, हे मान्य व्हायलाच फार उशीर झाला. १९८० च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना १९८७ साली दाखवून दिलं, की नीट भूल दिलेल्या बाळांना शस्त्रक्रियेनंतर कमी त्रास होतो. आज टाच टोचण्याआधी बाळाला आईचं दूध किंवा साखरपाण्याचे थेंब चाटवतात, ते याच समजुतीतून.

आवाजाचंही तसंच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस केली. ही मर्यादा पाळणं कठीण जातं. पेटीचं दार खटकन लावलं, वर बाटली ठेवली, की आत तो आवाज घुमतो. म्हणून दार दोन्ही हातांनी अलगद लावायचं, पेटीवर जाड कापड घालायचं. खर्च जवळपास शून्य, आणि म्हणूनच ते न होण्याची मला चीड येते.

आता एक सिस्टर काय करते ते पाहा. दुपट्याची वळकटी करून ती बाळाभोवती घोड्याच्या नालासारखी वळवते. पोटात पाय मारले की भिंत लागायची, तशी आता वळकटी लागते. मग एक तळवा डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांवर. थरथरणारे हात हळूहळू छातीशी येतात, मूठ मिटते. हात न हलवता तसाच ठेवायचा. गोंजारणं, थोपटणं एवढ्या लहान बाळाला सोसत नाही.

सगळ्यात मोठा उपाय मात्र आईच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. ऊब, वास, हृदयाचे ठोके, सगळं एकाच जागी. आधी बाळ स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ, असा नियम पुढे बराच काळ चालला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने तोही मोडला. दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार रुग्णालयं त्यात होती. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीशी धरल्याने २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. सफदरजंगमध्ये त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच लावली गेली.

ज्यांना अजून बाळ छातीशी घेता येत नाही, त्या आयांनी अंगाशी ठेवलेला स्वच्छ कापडाचा तुकडा सिस्टरला विचारून बाळाच्या गालाजवळ ठेवावा. हळू बोलावं. बोटं फाकली, भुवया आक्रसल्या, उचकी लागली किंवा बाळाने तोंड फिरवलं, तर ते थकलंय असं समजावं. तेव्हा बोलणं थांबवावं, हात तेवढा तसाच राहू द्यावा.