पात्र उभे करणे (मांगा व लाइट नॉव्हेल)

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि लाइट नॉव्हेल म्हणजे मुख्यतः तरुण वाचकांसाठी चित्रांसह छापली जाणारी, खिशात मावेल एवढ्या आकाराची कादंबरी. ‘पात्र उभे करणे’ हे या दोन्ही प्रकारांतील कथनाचे मध्यवर्ती तत्त्व आहे. जपानी संपादक आणि लेखक त्यासाठी ‘क्यारा ओ तातेरु’ असे म्हणतात. ‘क्यारा’ हे ‘कॅरेक्टर’चे जपानी लघुरूप आणि ‘तातेरु’ म्हणजे उभे करणे. नाटक-कादंबरीबद्दल बोलताना लेखकाने पात्र उभे केले असे आपण मराठीत सहज म्हणतो, जवळजवळ तोच हा शब्दप्रयोग. मराठीत तो बहुधा लेखन वाचून झाल्यावरचा कौतुकाचा शब्द असतो, तर जपानी मांगाच्या धंद्यात तो लेखनाआधीच्या बैठकीतला शब्द आहे. माणूस असा घडलेला असावा की त्याला कोणत्याही प्रसंगात सोडले तरी तो कसा वागेल याचा अंदाज वाचकाला करता यावा, आणि तो अंदाज कसा खरा ठरतो किंवा नेमका कुठे चुकतो हे पाहण्यासाठी त्याने पुढचे पान उलटावे, अशी ही अपेक्षा आहे.

या तत्त्वाला शिकवता येईल असे रूप देणाऱ्यांत कथालेखक कोइके काझुओ यांचे नाव आधी घ्यावे लागते. चित्रकार कोजिमा गोसेकी यांच्यासह १९७० ते १९७६ या काळात त्यांनी तान्ह्या मुलाला हातगाडीत घालून भटकणाऱ्या सामुराईची दीर्घ मालिका लिहिली, आणि १९७७ मध्ये ‘गेकिगा सोनजुकु’ ही मांगालेखनाची शाळा काढली. ताकाहाशी रुमिको आणि हारा तेत्सुओ हे तिथेच शिकले. पात्र उभे राहिले की कथा त्याच्यामागून चालत येते, हा कोइके यांच्या शिकवणीचा गाभा होता.

पात्रांना कथेपेक्षा स्वतंत्र अस्तित्व असते, ही जाणीव मात्र त्याआधीची आहे. तेझुका ओसामु (१९२८–१९८९) आपल्या पात्रांना नाटक कंपनीतल्या नटांप्रमाणे वागवीत. एका कथेतला खलनायक दुसरीत दुय्यम भूमिकेत आणि तिसरीत भल्या माणसाच्या वेषात दिसे. भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी त्यांची कृती म्हणजे १९७२ ते १९८३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेले बुद्धचरित्र. प्राचीन भारतात घडणाऱ्या या कथेत सिद्धार्थाच्या जन्माआधीच चाप्रा हा गुलाम मुलगा आणि तात्ता हा अस्पृश्य मानला गेलेला मुलगा अशी दोन काल्पनिक पात्रे येतात. त्यांची भूक, त्यांचा संताप आणि चाप्राच्या आईविषयीची ओढ यांत वाचक इतका गुंततो की पुढे राजपुत्राला दुःख का दिसले हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याची कहाणी सर्वांना पाठ आहे अशा पुरुषाविषयी नव्याने उत्सुकता निर्माण करण्याची ही युक्ती विलक्षण आहे.

पात्रावर एवढा भर येण्याचे मोठे कारण प्रकाशनाच्या पद्धतीत आहे. १७ मार्च १९५९ रोजी जपानमध्ये मुलांसाठीची दोन मांगा साप्ताहिके एकाच दिवशी सुरू झाली, आणि १९६८ मध्ये निघालेल्या तिसऱ्या नियतकालिकाचा खप १९९४ च्या अखेरीस सुमारे ६५ लाख ३० हजार प्रतींपर्यंत पोहोचला. अशा जाडजूड अंकात पंधरा-वीस मालिका शेजारी शेजारी छापल्या जातात आणि प्रत्येकीच्या वाट्याला दर आठवड्याला साधारण एकोणीस-वीस पाने येतात. अंकासोबतच्या पोस्टकार्डावर वाचक आपल्याला आवडलेल्या तीन कथा कळवतात. ज्या मालिकेला मते मिळत नाहीत ती अनेकदा दहा-बारा आठवड्यांतच गुंडाळली जाते. शंभराव्या प्रकरणातल्या चमत्कृतीच्या भरवशावर पहिल्या प्रकरणात वाचकाला ताटकळत ठेवणे येथे परवडत नाही. मात्र एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि ती मिळण्याच्या आड येणारा त्याचा स्वतःचाच एखादा दोष, एवढे वीस पानांत दाखवता येते. पोस्टकार्ड पाठवणारा मुलगा मत देतो ते बहुधा त्या माणसालाच.

या पद्धतीचे शिल्पही तिच्यातूनच घडले. मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो. त्यामुळे उघडलेल्या दोन पानांतली शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात येते आणि ती पाहून वाचक पान उलटतो. दार ढकलणारा हात त्या कोपऱ्यात ठेवायचा आणि दारापलीकडचा चेहरा उलटलेल्या पानावर मोठा काढायचा, ही मांगाची अगदी प्राथमिक शिस्त आहे. पान उलटण्याच्या या क्षणाला ‘मेकुरी’ म्हणतात, आणि हप्त्याच्या शेवटी सोडलेल्या ओढीला ‘हिकी’. आपल्याकडच्या ‘क्रमशः’ या शब्दामागे जी हुरहूर असते तीच ही. मांगाकाराचे, म्हणजे ‘मांगाका’चे, खरे कथालेखन ‘नेमु’ या कच्च्या आराखड्यात होते. त्यात चौकटी, संवाद आणि माणसांच्या ढोबळ आकृत्या एवढेच असते. संपादक तो वाचतो, प्रश्न विचारतो आणि पुष्कळदा परत पाठवतो, कारण कागदावर सुबक चित्र उमटल्यानंतर कथेतला खोटेपणा दिसेनासा होतो.

पात्र उभे राहिले म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६८ ते १९७३ या काळात चाललेल्या मुष्टियुद्धाच्या एका मालिकेत सापडते. लेखक ताकामोरी आसाओ आणि चित्रकार चिबा तेत्सुया यांच्या ‘आशिता नो जो’ (उद्याचा जो) या मालिकेतील जो हा अनाथ, उद्दाम पोरगा. रिकिइशी तोरु हा त्याचा प्रतिस्पर्धी. रिकिइशीची भूमिका इतकी वाढेल याची सुरुवातीला कल्पना नसल्यामुळे चिबा यांनी त्याला जोपेक्षा बराच उंच आणि भरदार काढला होता. वजनाच्या हिशेबाने हे दोघे एका रिंगणात येणे अशक्यच. चित्रातली ती तफावत झाकून टाकण्याऐवजी तीच कथेचा कणा करण्यात आली. जो याच्याशी लढता यावे म्हणून रिकिइशी आपले वजन जिवावर उदार होऊन उतरवतो. तहानेने वेडा झालेला तो रात्री पाण्यासाठी धडपडतो, तर व्यायामशाळेचे सगळे नळ तारेने आवळलेले असतात. त्याला पाठबळ देणारी योको त्याच्यासमोर गरम पाण्याचा पेला धरते. तो कृतज्ञतेने हातात घेतो आणि पाणी जमिनीवर ओततो. त्या तरुणाच्या स्वभावाबद्दल एकही विशेषण न वापरता सारे काही या एका कृतीत सांगून होते. तो सामना जिंकतो आणि त्यानंतर मरतो. २४ मार्च १९७० रोजी कवी-नाटककार तेरायामा शुजी यांच्या पुढाकाराने प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात त्याच्यावर अंत्यविधी झाले आणि सुमारे सातशे माणसे त्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याला निरोप द्यायला आली.

दुसरे उदाहरण शांततेचे आहे. इनोउए ताकेहिको यांच्या बास्केटबॉलवरील ‘स्लॅम डंक’ (१९९०–१९९६) या मालिकेचा नायक साकुरागी हा लाल केसांचा, मारामाऱ्या करणारा विद्यार्थी एका मुलीवर छाप पाडण्यासाठी संघात शिरतो. त्याला चेंडू धरण्यापासून शिकावे लागते, आणि नेम जमावा म्हणून तो एका आठवड्याच्या सरावात वीस हजार वेळा चेंडू फेकतो. शेवटच्या सामन्यातील अखेरचे क्षण जवळजवळ निःशब्द आहेत. आवाजाची अक्षरे नाहीत, संवादाचे फुगे नाहीत. फक्त धावणारे पाय, घाम आणि घड्याळ. ज्याच्याशी त्याचे कधीच पटले नाही तो रुकावा त्याच्याकडे चेंडू देतो, आणि साकुरागी उडी मारून चेंडू जाळीत कोंबण्याच्या दिखाऊ डंकऐवजी सरावात घोटलेली साधी फेक करतो. डावा हात नुसता टेकवायचा, हे प्रशिक्षणातले वाक्य त्याच्या ओठी येते तेवढेच. ही पाने वाचकाला गदगदवून टाकतात, कारण त्या फेकीमागचे वीस हजार प्रयत्न त्याने आधीच्या खंडांत पाहिलेले असतात.

मुलींसाठीच्या मांगाने, म्हणजे ‘शोजो’ने, पात्राच्या आतला आवाज घडवला. १९४९ च्या, म्हणजे शोवा शकातील चोविसाव्या वर्षाच्या, आसपास जन्मल्यामुळे ‘चोवीसच्या गटातल्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको, यामागिशी र्‍योको आदी लेखिकांनी १९७० च्या दशकात चौकटींच्या भिंती पाडल्या. मनातले वाक्य फुग्याबाहेर, मोकळ्या पांढऱ्या जागेत तरंगू लागले; दोन चेहरे एकमेकांवर येऊ लागले; एका क्षणाला पूर्ण पान मिळू लागले. ओठांवरचे वाक्य एक आणि पानावर तरंगणारे वाक्य दुसरे, या दोहोंमधल्या अंतरातच पात्राचे खरे दुःख वाचकाला सापडते.

अद्भुत कथांमध्ये पात्राची कसोटी नियमांनी लागते. आराकावा हिरोमु यांच्या किमयेवरील मालिकेत (२००१–२०१०) काही मिळवायचे तर तेवढेच मोल द्यावे लागते, असा जगाचा कायदा आहे. मेलेल्या आईला परत आणायला निघालेल्या दोन भावांपैकी थोरला हात आणि पाय गमावतो, धाकटा संपूर्ण शरीर. त्यानंतरचा प्रत्येक प्रसंग त्या हिशेबाला बांधलेला राहतो, आणि शेवटी थोरला आपली किमयेची शक्तीच मोबदल्यात देऊन भावाला परत मिळवतो. लेखिका होक्काइदोतील दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबात वाढल्या. फुकट काही मिळत नाही ही त्या कथेतली जाण कष्टाच्या घरातली आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

लाइट नॉव्हेलमध्ये चेहरा काढायला चौकट नसते. मुखपृष्ठ, आरंभीची रंगीत चित्रे आणि मधली मोजकी कृष्णधवल चित्रे वाचकाच्या डोळ्यांसमोर पात्राचे रूप ठेवतात. त्यामुळे गद्याला वर्णनाचा भार उचलावा लागत नाही आणि ते बोलण्याकडे वळते. तानिगावा नागारु यांच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सुझुमिया हारुही’ मालिकेत वादळासारख्या नायिकेची गोष्ट क्योन हा कंटाळलेला, समंजस वर्गमित्र सांगतो. त्याची वाक्ये पुष्कळदा अवतरणचिन्हांवाचून येतात आणि तरीही समोरचा त्यांना उत्तर देतो, म्हणून तो हे मनात म्हणाला की मोठ्याने, हे वाचकाला कळत नाही. या संदिग्धतेमुळे वाचक त्याच्या डोक्यातच राहायला जातो.

कादंबरीला लाभलेली सवड काझुकी मिया यांच्या मालिकेत उत्तम वापरली गेली आहे. २०१३ पासून आंतरजालावर प्रकरणाप्रकरणाने आलेली आणि २०१५ पासून पुस्तकरूपाने निघालेली ही कथा पुस्तकवेड्या तरुणीची आहे. मरणानंतर ती माइन या आजारी, गरीब बालिकेच्या रूपात अशा जगात जागी होते, जिथे पुस्तक श्रीमंतांच्याच घरी असते. ती गवताच्या तंतूंपासून कागद करायला जाते आणि थकून हरते. मातीच्या पाट्या भाजायला जाते तर त्या फुटतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहू पाहते तर आई त्या सरपण म्हणून चुलीत घालते. राक्षस नाही, युद्ध नाही, तरी त्या जळालेल्या पट्ट्यांनी वाचक कळवळतो. दुसऱ्याच जगात पुनर्जन्म घेणाऱ्या नायकांच्या ‘इसेकाइ’ कथांचा आंतरजालावर पूर आला आहे. त्यांतल्या कित्येक कथांत नायकाला पहिल्याच पानावर अपार सामर्थ्य बहाल केले जाते आणि पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. माइनला मिळाले आहे फक्त वेड, आणि ते पेलणारे शरीर तिच्याकडे नाही.

पात्रांचे साचे हा या परंपरेवरचा जुना आक्षेप आहे. वरून फटकळ आणि आतून हळवी असलेली ‘त्सुन्देरे’ मुलगी, चष्मा, मांजराचे कान, विशिष्ट केशरचना अशा सुट्या लक्षणांच्या साठ्यातून पात्रे जुळवली जातात आणि वाचकही त्या लक्षणांचाच उपभोग घेतो, असे विवेचन आझुमा हिरोकी यांनी २००१ मध्ये केले. समीक्षक इतो गो यांनी २००५ मध्ये ‘क्यारा’ आणि ‘क्याराकुता’ असा भेद केला. काही रेषांतून ओळखू येणारे, कथेतून उचलून कुठेही नेता येणारे रूप म्हणजे क्यारा. शरीर, भूतकाळ आणि मरण असलेला माणूस म्हणजे क्याराकुता. रिकिइशीचे अंत्यविधी झाले ते तो दुसऱ्या अर्थाने उभा राहिल्यामुळे. साचा वापरण्यात दोष नाही. लावणी किंवा अभंगालाही ठरलेला घाट असतोच. दोष उरतो तो लेखक पात्राला साच्याबाहेरचा एकही निर्णय घेऊ देत नाही तेव्हा.

भाषांतरात पात्राचा पुष्कळसा भाग सांडतो. जपानीत ‘मी’साठी अनेक शब्द आहेत. ‘बोकु’ म्हणणारा मुलगा सौम्य वाटतो, ‘ओरे’ म्हणणारा रांगडा आणि ‘वाशी’ म्हणणारा म्हातारा. वयाला आणि स्वभावाला ठरून गेलेल्या अशा बोलीला भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकाभाषा, हे नाव दिले आहे. २००६ पासून प्रसिद्ध झालेल्या हासेकुरा इसुना यांच्या व्यापारी आणि लांडगादेवता यांच्या मालिकेत होलो ही देवता स्वतःला ‘वाच्ची’ म्हणते, आणि तिच्या बोलण्याला जुन्या कलावंतिणींच्या वस्तीतल्या भाषेचा बाज आहे. तिचे शतकानुशतकांचे वय आणि खट्याळपणा एका सर्वनामात ऐकू येतात. मराठीत ‘मी’ एकच असला तरी क्रियापदाला लिंग लागते, ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत नात्याची उतरंड दिसते, आणि वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी अशा बोली हाताशी आहेत. जपानीतून थेट मराठीत काम करणाऱ्या अनुवादकाला होलोसाठी आधी आपल्याच आजीच्या पिढीतली एखादी बोली कानात घोळवून पाहावी लागेल.