बुवा इथेच आहेत, मग आई का रडते?

शके 1603 च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर समर्थ रामदासांनी देह ठेवला. काया गेली तरी आपण ग्रंथरूपाने आहोतच, असा धीर त्यांनी शिष्यांना दिला, असे संप्रदाय मानतो. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज 22 डिसेंबर 1913 रोजी गेले. 'जेथे नाम तेथे माझे प्राण' ही त्यांनी सांगितलेली खूण माणदेशात आजही लोकांच्या तोंडी आहे. दोन्हीकडे ऐकणारे जाणते साधक होते. गावात हरिपाठ आणि पखवाज शिकवणारे बुवा गेले की हेच सांत्वन आठ वर्षांच्या पोराला मिळते, आणि ते पोर त्याचा सरळ अर्थ घेते. बुवा इथेच आहेत, तर आई का रडते? पुण्यतिथीला गुलाल कशाचा?

मेलेले माणूस परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमगू लागते. त्याआधी 'बुवा झोपलेत' म्हटले, तर मूल स्वतः झोपायला घाबरते. म्हणून आधी साधे सांगावे: बुवा वारले, त्यांचा श्वास थांबला, आता ते उठणार नाहीत. समाधी, वैकुंठ हे नंतर.

खरी अडचण सुटकेच्या भावनेची. ताल चुकला की हातावर छडी बसायची, पहाटे काकड्याला उठावे लागायचे; ते थांबले म्हणून मुलाला बरे वाटते, आणि बरे वाटले म्हणून अपराधी वाटते. 'आज बुवा आले नाहीत तर बरं' असे कधी मनात आले असेल, तर आपल्यामुळेच ते गेले, असेही त्याला वाटू शकते. विचाराने कोणी मरत नाही, हे त्याने न विचारताही सांगावे. घटकाभर रडून ते लगेच गोट्या खेळायला पळते. त्यावर 'याला काहीच नाही' हा शेजाऱ्यांचा शेरा फार लागतो.

गंमत म्हणजे परंपरेत रडण्याला मज्जाव नाहीच. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगावर नामदेवांचे अभंग आहेत. त्यांत निवृत्तिनाथ गुरू असून शिष्यासाठी व्याकूळ होतात. कार्तिक वद्य त्रयोदशीला कीर्तनकार ते गातात तेव्हा मोठी माणसेही डोळे पुसतात. मुलांना नेमके तेच ऐकवले जात नाही.

तेराव्याच्या कीर्तनात मुलाच्या गळ्यात बुवांचा पखवाज अडकवण्याची हौस आवरावी. वाजवायचा का, हे त्यालाच विचारावे. नव्या बुवांकडे जायला ते कुरकुरले, तर बहुधा ती जुन्या बुवांशी बेइमानी वाटत असते. गळ्यातली माळ बुवांनीच घातलेली असेल, तर ती आता चालते का, ही शंकाही असते. चालते, एवढे उत्तर पुरते.